रक्तदाबमापनाचा हक्क

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन परमुलखात जातात. त्यांतील गर्भवतीचे दिवस भरत जातात. तपासणी मात्र गावीच राहते. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 वर चढला तरी बहुधा काहीच दुखत नाही. म्हणूनच तो मोजावा लागतो. लघवीतून प्रथिने जाऊ लागली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की आकडीचा धोका दारात उभा असतो. प्रसूतीनंतरही तो काही दिवस टळत नाही.

वस्तुतः ही आकडी बव्हंशी टाळता येते. लॅबेटालॉल, निफेडिपिन ही औषधे रक्तदाब आवरतात. मॅग्नेशियम सल्फेटने आकडीचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे 33 देशांत झालेल्या चाचणीने 2002 साली सिद्ध केले. औषध स्वस्त आहे. महाग पडतो तो तपासणीच्या दिवसाचा खाडा. मग अशा मृत्यूला दैव कसे म्हणावे?

2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. ती उसाच्या फडापर्यंत, कोपीपर्यंत गेली पाहिजे. त्या दिवसाची मजुरीही कापली जाता कामा नये. गाळप हंगाम सुरू होताच कार्यकर्त्यांनी ही मागणी कारखान्यांच्या दारात मांडावी.