झाडे तोडली की ताप कोणाला?

मे महिन्यात तोंडवलीला घरी गेलो होतो. सावंतवाडी-दोडामार्गच्या वृक्षतोडीची बातमी वाचून शेजारच्या काकांनी विचारले, "डॉक्टरांनू, थंय झाडा तोडल्यानी तर आमका काय?" समुद्रकाठच्या माणसाने असे विचारणे साहजिक आहे. मी म्हटले, "माकडताप."

१९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा आजार प्रथम ओळखला गेला. २०१६ मध्ये तो दोडामार्ग तालुक्यात दिसला, पुढच्या वर्षी बांदा परिसरात. विषाणू गोचिडीतून पसरतो. त्याने माकडे मरतात आणि मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात. माणसाला अचानक ताप, भयंकर डोकेदुखी, अंगदुखी, काहींना रक्तस्राव. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. या विषाणूवर नेमके औषध नाही. सलाईन, गरज पडल्यास रक्त आणि डोळ्यांत तेल घालून लक्ष, एवढेच आमच्या हातात असते. डिसेंबर ते मे हा गोचिडीचा हंगाम, आणि काजूचाही साधारण तोच. म्हणून आजारी पडतात ते काजू वेचणारे, लाकूडफाटा आणणारे, गुरांमागे जाणारे.

"मग जंगलच नको," असे काही जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. दाट रानात माणूस आणि गुरे फारशी शिरत नाहीत. रबर-अननसासाठी रानाचे तुकडे पडले की कडा वाढतात, घाणेरी माजते, गुरे आत चरू लागतात. मोठ्या गोचिडी गुरांच्याच रक्तावर पोसतात आणि अंडी घालतात. पश्चिम घाटातल्या अभ्यासांतही तुटत चाललेल्या जंगलाशी या तापाचा संबंध दिसला आहे.

'वनशक्ती'च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये या पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली. मार्च २०२४ मध्ये हा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करण्याचा आदेशही दिला. या वादात वाघ आला, हत्ती आला. ताप मात्र क्वचितच येतो. इथले बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे, हेही खरे. लेकीच्या लग्नासाठी चार झाडे विकणारा मालक मला गुन्हेगार वाटत नाही. झाडे राखल्याचा मोबदला त्याला मिळायलाच हवा. यंत्रे लावून अख्खा डोंगर उघडा करणाऱ्याची गोष्ट वेगळी. तोडीची परवानगी देण्यापूर्वी तालुका आरोग्य अधिकाऱ्याचे मत घ्यावे, आणि जिथे माकडे मेली तिथे कुऱ्हाड चालू नये, एवढी माझी मागणी आहे.

काकांची लेक बांद्याला दिलेली आहे, सासरी काजूची बाग आहे. ते जरा वेळ गप्प बसले. मग विचारले, "ताप इलो तर काय करूचा?"

बागेतून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे धुवायला. ताप आला तर पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन आपण रानात गेलो होतो हे आपणहून सांगायचे. ॲस्पिरिनसारखी दुखण्याची गोळी मनाने घ्यायची नाही. आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवायचे.