खेळण्यातली बंदूक आणि खरा रस्ता

कुठल्याही नव्या शहरात गेलं की कुणी देवळं बघतं, कुणी खादाडी करतं. मी एअरसॉफ्टची दुकानं शोधतो. ऑनसाईटच्या कृपेने आत्तापर्यंत हाँगकाँग आणि टोकियो अशा दोन ठिकाणी हा शौक पुरवून झालाय. त्यावर लिहायचं असं बरेच विकांत घोळत होतं, आज मुहूर्त लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एअरसॉफ्ट म्हणजे हुबेहूब खऱ्यासारखी दिसणारी खेळण्यातली बंदूक. तिच्यातून ६ मिमी व्यासाची, साधारण ०.२ ग्रॅम वजनाची प्लॅस्टिकची गोळी सुटते. गॉगल घालून, दोन संघ करून खेळतात.

आता माझ्यातल्या इंजिनीयरला यात काय दिसतं ते सांगतो. तोक्यो मारुई या कंपनीने १९९१ साली फामास रायफलचं बॅटरीवर चालणारं मॉडेल काढलं आणि या खेळाचा नूरच पालटला. आत एक छोटी मोटर आणि तीन गिअर. शेवटच्या गिअरला अर्ध्याच भागावर दाते असतात. ते दाते पिस्टन मागे ओढतात, स्प्रिंग दाबली जाते, दाते संपले की पिस्टन सुटतो आणि पुढची हवा गोळीला ढकलते. सेकंदाला दहा-पंधरा वेळा! नळीच्या मागच्या टोकाशी रबराचा एक तुकडा असतो, तो गोळीला वरून घासून उलटी फिरकी देतो. त्यामुळे गोळी लगेच खाली न पडता तरंगल्यासारखी लांब जाते. म्हणजे क्रिकेटच्या चेंडूला लागू होणारा मॅग्नस परिणामच, पण एका रबराच्या तुकड्यात. चार वर्षं मेकॅनिकलच्या वर्गात मन लागलं नाही, ते इथे लागलं :-)

हाँगकाँगमध्ये माँगकॉकला क्वाँग वा स्ट्रीट आहे. तिथे एअरसॉफ्टची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. पण तिथे तासभरच मिळाला. टोकियोत मात्र आख्खा शनिवार हातात होता. अकिहाबारात एका अरुंद इमारतीत, लिफ्टने वरच्या मजल्यावर दुकान. आत शिरलो आणि दारातच थबकलो. भिंतभर रायफली. एक मध्यमवयीन बाई मुलासाठी पिस्तूल बघतायत, एक आजोबा स्प्रिंगची पाकिटं चाळतायत. वाण्याच्या दुकानात असावी तशी शांतता.

काउंटरवरच्या मुलाने मी बघतोय ती बंदूक न विचारता काढून दिली. एके. वजन तीनेक किलो. हातात घेतली आणि काय झालं सांगू? तळव्याला घाम फुटला.

२६ नोव्हेंबर २००८ ला मी अकरा वर्षांचा होतो. बाबांचं ऑफिस फोर्टात. रोज रात्री सीएसटीहूनच डोंबिवलीची गाडी पकडायचे. त्या दिवशी नेमके लवकर निघाले होते. दुसऱ्या दिवशी स्टेशनातल्या त्या पोराचा फोटो सगळीकडे होता. पाठीला सॅक, हातात हीच बंदूक. आईने माझं दिवाळीचं टिकल्यांचं पिस्तूल माळ्यावर टाकून दिलं, काही न बोलता. मीही परत मागितलं नाही.

एके मी हळूच काउंटरवर ठेवली. त्या पोराला काही कळलं नसावं. तो आपला हसून कायतरी म्हणाला, मीही हसलो.

परत येताना ट्रेनमध्ये विचार करत होतो, की असं दुकान इथेच का फुललं? जपानात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगताच येत नाही. म्हणून खेळण्याची हौस वाढली. आणि खेळण्यावरही लगाम आहे. १९७१ पासून धातूच्या नकली पिस्तुलाची नळी बंद हवी आणि रंग पांढरा किंवा पिवळा हवा, असा कायदा आहे. २००६ च्या दुरुस्तीने ६ मिमीच्या गोळीला साधारण ०.९८ ज्यूलची मर्यादा घातली. म्हणजे ०.२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९९ मीटरच्या आत.

उलट अमेरिका बघा. २०१४ मध्ये क्लीव्हलँडला तामिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तुलाशी खेळत होता. नळीवरची नारिंगी खूण निघालेली होती. पोलिसांची गाडी आली आणि दोन-तीन सेकंदांत त्याला गोळी घातली गेली. खेळणं तसलंच. फरक होता तो रस्त्यावर खऱ्या बंदुका किती, याचा.

माझं मत एवढंच आहे. हुबेहूब बंदूक हे खेळणं तिथेच खेळणं राहतं, जिथे बघणाऱ्याच्या मनात खरी बंदूक येत नाही. ती शांतता दुकानात विकत मिळत नाही आणि बॅगेत घालून आणताही येत नाही.

हे सगळं एवढ्या तपशिलात का? तर माझ्या जिगरी मित्राने निघताना सांगितलं होतं, "एक पिस्तूल घेऊन ये रे, सुटं करून कपड्यांत गुंडाळ, कोण बघतंय?" कस्टम्सची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण समजा सुटलो असतो, तरी पुढे काय? हा पठ्ठ्या ते घेऊन रात्री कॉलनीच्या गच्चीवर रील बनवणार. समोरच्या इमारतीतल्या कुणाला गोळी प्लॅस्टिकची आहे हे कसं कळणार? माझ्या आईला कळलं असतं का?

त्याला मी गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि दुकानाचं पत्रक आणून दिलं. चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी फोन करून म्हणाला, "घाबरट आहेस साल्या." असेन बुवा.

बाहेर गेलात तर अशा दुकानात जरूर जा. हात लावा, गिअरबॉक्स उघडून दाखवायला सांगा, दुकानात नेमबाजीची जागा असेल तर कागदावर चार गोळ्या झाडा. मजा येते, शपथेवर सांगतो. आणि मग परत जागेवर ठेवून या.