लोखंडी नळी आणि सुरक्षिततेचा हिशेब

मध्यमवर्गीय कुटुंबात घर व दागिने सोडल्यास मोटारसायकल हीच बहुधा सर्वांत महाग वस्तू असते. त्यामुळे नवी गाडी दारात आली की पहिल्याच रविवारी घरचे पाने काढून तिला लेगगार्ड बसविण्याची खटपट सुरू व्हावी, हे स्वाभाविक होय. या उद्योगात काटकसर आहे आणि स्वावलंबनही आहे. प्रश्न एवढाच की, या लोखंडी नळीकडून आपण नेमकी कसली अपेक्षा बाळगतो?

गाडी उभ्या जागी कलंडली किंवा ओल्या वळणावर सावकाश घसरली, तर तिचा भार ही नळी पेलते. इंजिनाचे कवच व ब्रेकचे पॅडल वाचते. हा लाभ खरा आहे आणि तो रुपयांत मोजता येतो. परंतु पायाचे काय? दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली. त्यांच्या १९८१ च्या अहवालाचा निष्कर्ष असा की, गार्डमुळे घोटा व पाऊल यांच्या दुखापती घटतात खऱ्या. पण मांडी, गुडघा व नडगी यांच्या दुखापती वाढून तो फायदा फिटतो. तेथील गाड्या व रस्ते निराळे होते, हे मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच: गार्ड मुख्यतः गाडीचा रक्षक आहे, स्वाराचा नव्हे.

म्हणून तो बसवूच नये, असे नव्हे. मात्र अनेक गाड्यांत तो इंजिन धरून ठेवणाऱ्या बोल्टांवरच चढतो, याचे भान हवे. इंजिनाला खालून आधार द्यावा, एका वेळी एकच बोल्ट काढावा, सर्व बोल्ट हाताने बसल्यानंतरच उत्पादकाने सांगितलेल्या मापाने ते आवळावेत. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी कोठे अडत नाही ना, हे पाहावे आणि थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा पाना लावावा. सांगाड्याला छिद्र पाडणे वा वेल्डिंग करणे मुळीच नको. त्या मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य केलेला गार्डच घ्यावा. नियमबाह्य फेरबदल करणाऱ्या मालकास २०१९ च्या दुरुस्तीनुसार प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

खरा धोका मात्र नटबोल्टांत नाही, मनात आहे. संरक्षणाची साधने लाभली की माणूस अधिक जोखीम पत्करतो, असा सिद्धान्त अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी १९७५ मध्ये मांडला. हा परिणाम किती मोठा, याविषयी वाद आहेत. पण प्रवृत्ती आपल्या ओळखीची आहे. लेगगार्ड आहे ना, मग वाहनांच्या फटीतून घुसायला हरकत कसली? आणि त्या फटीत नळी शेजारच्या सायकलीला अडकली, तर आपल्या सुरक्षिततेची किंमत दुसऱ्याने मोजली, असे होते.

आता जमाखर्च पाहू. केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेले मृत ५०,०२९ होते. हेल्मेटने मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे २००८ च्या कॉक्रेन समीक्षेत आढळले. तरीही जानेवारी २०१९ मध्ये आपल्या पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा निघाला! लेगगार्डसाठी कोणत्याही सरकारला सक्ती करावी लागलेली नाही. टाकीवरचा ओरखडा डोळ्यांना दिसतो, मेंदूवरचा आघात दिसत नाही, हेच याचे कारण असावे.

तात्पर्य, खर्चाचा क्रम ठरवावा. आधी आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, मग टायर व ब्रेक, आणि पैसे उरल्यास गार्ड. शिवाय पहिल्या रकमेत एक नव्हे, दोन हेल्मेटे धरावीत. वर सांगितलेल्या ५०,०२९ मृतांपैकी १४,३३७ जण गाडी चालवीत नव्हते. ते मागे बसलेले होते.