पाच रात्री, सहा दिवस

गेल्या काही वर्षांत आमच्या कुटुंबांत एक नवी चाल रूढ झाली आहे. नाताळची किंवा उन्हाळ्याची सुट्टी आली की मुलगा, सून, त्यांचे दोन-तीन वर्षांचे मूल आणि सोबत आजी-आजोबा अशी तीन पिढ्यांची मंडळी विमानाने एखाद्या बेटावर जातात. ज्यांना परवडते ते मॉरिशस, बाली किंवा मालदीव गाठतात. बहुतेकांची मजल अंदमानापर्यंत असते. परत आल्यावर रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात छायाचित्रे दाखवली जातात आणि एक वाक्य हटकून ऐकू येते : ‘आईबाबांनाही फिरवून आणले.’ या वाक्याशी आमचे भांडण आहे, आणि ते आज आम्ही उघडपणे मांडणार आहोत.

प्रवास म्हणजे उधळपट्टी, असे मानणारे काही सज्जन आमच्या धर्मग्रामात आहेत. त्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. नाझरेथचे पवित्र कुटुंबही दरवर्षी सणासाठी जेरुसलेमला जात असे, आणि तेही एकटे नव्हे, नातलग व ओळखीपाळखीच्या मंडळींच्या तांड्यासह. बारा वर्षांचा येशू मागे राहिला तरी आईवडिलांना दिवसभर चिंता वाटली नाही, कारण तांड्यात कुणीतरी त्याच्यासोबत असेलच, असा त्यांचा विश्वास होता. लूकच्या शुभवर्तमानातील या प्रसंगावर आम्ही अनेकदा प्रवचन केले आहे. त्या तांड्यात मूल सर्वांचे होते, म्हणूनच कुणा एकावर त्याचा भार पडत नव्हता. आमच्या आजच्या बेटयात्रेत काय घडते ते आता पाहू.

प्रवासी कंपन्यांची दरपत्रके वाचण्याजोगी असतात. पाच रात्री, सहा दिवस. ‘डबल शेअरिंग’चा दर अमुक, ‘एक्स्ट्रा बेड’चा अमुक, आणि त्याखाली ‘चाइल्ड विदाऊट बेड’. म्हणजे ज्याला पलंग नाही असे मूल. ते आईच्या कुशीत झोपेल, असे कंपनी गृहीत धरते. दोन वर्षांखालील मुलाला विमानातही स्वतंत्र आसन नसते, ते मांडीवर. आता ही कूस आणि ही मांडी कुणाची, हे दरपत्रकात लिहिलेले नसते. ते घरात ठरते, आणि बहुधा न बोलताच ठरते.

आमच्या परिचयाच्या एका घरची हकिकत सांगतो. आजींचे वय बहात्तर, गुडघे दुखरे, जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मुलगा प्रेमळ आहे, सून समजूतदार आहे. त्यांच्याविषयी आमच्या मनात किल्मिष नाही. ही मंडळी अंदमानला गेली. स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंत ज्याला हॅवलॉक म्हणत तेथे, मुलगा आणि सून प्रवाळ पाहण्यासाठी पाण्यात उतरली. मूल त्या वेळी झोपलेले. मग आजी खोलीत. दुसऱ्या दिवशी होडीने पलीकडच्या किनाऱ्यावर जायचे होते. होडीत चढणे आजींना जमणारे नव्हते आणि ऊन मुलाला सोसणारे नव्हते. पुन्हा आजी आणि मूल खोलीत. आजोबा आवारात खुर्ची टाकून बसले. अशा चार दुपारी गेल्या. परतल्यावर आम्ही विचारले तेव्हा त्या माउलीने एकही तक्रार केली नाही. ‘फादर, खोली फार छान होती,’ एवढेच त्या म्हणाल्या.

यावर आम्हांला ठरावीक उत्तर मिळते. ‘आजीला नातवंडाचा लळा असतोच की! ती आनंदाने सांभाळते.’ लळा असतो, हे कोण नाकारते? पण लळ्याने मूल उचलून घेणे वेगळे आणि कामवाटपात ते आपल्या वाट्याला येणे वेगळे. घरी असताना आजी कंटाळली तर शेजारणीकडे जाऊ शकते, स्वयंपाकघरात शिरू शकते, रोझरी घेऊन ओसरीवर बसू शकते. बेटावरच्या हॉटेलात तिला कुठे जाता येणार? भाषा अनोळखी, रस्ता अनोळखी, पाय दुखरे. पुण्यात ज्या कामासाठी बाई ठेवली तर महिन्याचा पगार द्यावा लागतो, ते काम तेथे विमानाच्या तिकिटात भागते. शब्द कठोर आहेत, परंतु हिशेब मांडला तर तो असाच निघतो. आणि वर पुन्हा ‘फिरवून आणले’ हे उपकाराचे वाक्य!

पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये आजी-आजोबा व ज्येष्ठांसाठी जुलैचा चौथा रविवार नेमून दिला. संत योआकीम आणि संत अ‍ॅना यांच्या सणाजवळचा हा दिवस. त्या रविवारी आमच्या धर्मग्रामांत गुलाबाची फुले वाटली जातात, भाषणे होतात, तरुण मंडळ गाणी म्हणते. आमची तक्रार फुलांविषयी नाही. जुलैत फूल आणि डिसेंबरात पाळणाघर, ही जी जोडी जमली आहे तिच्याविषयी आहे.

मुलाचे म्हणाल तर दोन वर्षांच्या लेकराला अंदमानचा समुद्र आणि शेजारच्या बांधकामावरचा वाळूचा ढीग यांत फारसा फरक वाटत नाही. बहुधा ढीगच जास्त आवडतो, कारण तो रोज भेटतो. त्याला हवी असते झोपेची आणि खाण्याची वेळ. अंदमानात घड्याळ आपलेच असले तरी सूर्य पूर्वेचा आहे; डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे अंधार लवकर, पहाट लवकर, होडीसाठी उठणे त्याहून लवकर. आणि रात्री सेल्युलर जेलमधील ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. १९०६ साली बांधून झालेला तो तुरुंग मराठी माणसाने जरूर पाहावा. तेथे माणसांनी काय सोसले ते मोठ्या मुलांना जरूर सांगावे. पण मांडीवरच्या लेकराला त्या गडगडाटात का बसवायचे? ते रडू लागले की त्याला घेऊन बाहेर कोण जाते, हे आता वाचकांना सांगायला नको.

परंतु आमचा खरा आक्षेप याहून खोल आहे. बेट म्हणजे माणसे नसलेली जागा, अशी एक कल्पना या सहलींच्या मुळाशी आहे. निळे पाणी, पांढरी वाळू, आणि मध्ये फक्त आपण. जाहिरातीतल्या चित्रात स्थानिक माणूस असलाच तर हातात नारळ घेऊन उभा असतो. आमची कॅथलिक कुटुंबे अंदमानात सहा दिवस राहून येतात आणि तेथे आपले बंधुभगिनी राहतात याची त्यांना गंधवार्ता नसते. १९१८ पासून छोटा नागपूरच्या उराव, मुंडा, खडिया आदिवासींना जंगलतोडीच्या मजुरीसाठी तिकडे नेण्यात आले. रांचीच्या कॅथलिक मिशनच्या मध्यस्थीने ही भरती झाली, म्हणून आजही त्यांना तेथे ‘रांची’ याच नावाने ओळखतात. त्यांनी झाडे तोडली, रस्ते केले, आणि मजुरी संपल्यावर त्यांतले बरेच जण जंगलाच्या कडेला वस्त्या करून राहिले. पुढे गोव्याच्या पिलार येथील धर्मगुरू त्यांच्यात काम करण्यासाठी गेले. १९८४ साली पोर्ट ब्लेअरचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा पिलारच्याच आलेक्स डायस यांना तेथील पहिले बिशप नेमण्यात आले. शहराचे नाव २०२४ पासून श्री विजयपुरम झाले आहे. तेथील स्टेला मारिस कॅथेड्रलात मिस्सा होते. सहलीतला रविवार शहरात येईल असा बेत आखणे कठीण नाही. मालदीवला जाणाऱ्यांनी मात्र आधीच विचार करावा, कारण त्या देशात मुस्लिमेतरांना उघडपणे उपासना करता येत नाही. अडचण खरी असेल तर रविवारच्या बंधनातून सूट देण्याची तरतूद धर्मसभेच्या कायद्यात आहे. ती धर्मगुरूकडे मागावी लागते, विमानतळावर आपली आपण घ्यायची नसते.

जारवांविषयी तर लिहिताना हात थरथरतो. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला जाणारा रस्ता या आदिवासींच्या राखीव वनातून जातो. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या वनातला रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. त्यानंतरही वर्षानुवर्षे पर्यटकांच्या मोटारींचे ताफे तेथून जात राहिले. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाऊच्या मोबदल्यात नाचायला लावल्याची चित्रफीत जगापुढे आली तेव्हा देशाची मान खाली गेली. आजीच्या मांडीवर बसलेल्या मुलाला मोटारीच्या काचेतून माणसे दाखवायची, आणि तीही प्राणिसंग्रहालयात दाखवतात तशी? त्या एका तासात लेकरू जे शिकेल ते पुसून काढायला धर्मशिक्षणाचे किती वर्ग लागतील?

ज्या मुलखातून आम्ही हे लिहीत आहोत तो भोर-वेल्ह्याचा मुलूख आहे. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मान्यता दिली, तरी लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. येथे समुद्र नाही, पण पाणी आहे आणि त्या पाण्याकाठीही पाहुणे येतात. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. त्यात साडेतेवीस टीएमसी पाणी मावते. ते निरेच्या कालव्यांतून बारामती, इंदापूर, फलटणच्या उसाला जाते. ज्यांची भातखाचरे त्या पाण्याखाली गेली ते डोंगराच्या अंगाला सरकले, आणि त्यांच्या मुलांनी मुंबईची वाट धरली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की कांबऱ्याचे कांबरेश्वराचे जुने मंदिर वर येते आणि पाऊस पडला की पुन्हा बुडते. तिकडे वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले तेव्हा पुण्याचे काय झाले हे पुण्यातल्या प्रत्येक घराला पाठ आहे. त्या धरणासाठी जी गावे उठली ती कुठे गेली, हे मात्र त्याच घरांत विचारून पाहावे.

शनिवार उजाडला की या पाण्याकाठी पुण्याच्या मोटारींची रांग लागते. फार्महाऊस, पोहण्याचा हौद, रात्री मोठ्याने गाणी. सकाळी गावातला मुलगा पाहुण्यांना होडीतून फिरवून आणतो. त्याच्या पणजोबाचे शेत त्या होडीखाली असण्याचा संभव आहे. पण त्याला कुणी विचारीत नाही, आणि न विचारता सांगण्याची त्याला सवय नाही. पाहुण्याचा डोळा अंदमानात रांचीला ओलांडून समुद्राकडे जातो आणि येथे होडीवाल्याला ओलांडून पाण्याकडे. विमानाचे भाडे वाचले म्हणून त्या डोळ्यात काही फरक पडत नाही. तेव्हा ‘बेटावर जाऊ नका, भोरला या’ असा सोपा उपदेश आम्ही करणार नाही.

आमची मागणी थोडी आहे, पण ती पाळायला जड जाईल. आजी-आजोबांना नेणार असाल तर दुपारची पाळी लावा. एक दिवस मुलगा खोलीत राहील, एक दिवस सून. त्या दिवशी आजींना मोटार करून किनाऱ्यावर न्या आणि पाण्यात पाय बुडवू द्या, गुडघे दुखले तरी. किनारे कमी पाहा. पाच रात्रींत तीन बेटे पालथी घालण्याचा कार्यक्रम कंपनीच्या सोयीचा असतो. दोन म्हाताऱ्यांच्या आणि एका तान्ह्याच्या सोयीचा तो असूच शकत नाही. जेथे जाल तेथील माणसांच्या घरी एक वेळ जेवा, पैसे मोजून जेवा, आणि त्यांचे आजोबा तेथे कसे आले ते विचारा. हे अंदमानात करता येते, तसेच वेल्ह्यातही करता येते. इंद्रायणीचा भात आणि पिठले यांना विमान लागत नाही.

आणि पैसे भरण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करा. आजींना एकटे गाठा, नातू जवळ नसताना, आणि विचारा की त्यांना कुठे जायचे आहे. आम्ही वर सांगितलेल्या आजींना हे कुणी विचारले नव्हते. पुढे बऱ्याच दिवसांनी आम्ही विचारले. त्यांचे वडील पाटबंधारे खात्यात भाटघरला चाकरीला होते. लहानपण तेथल्या वसाहतीत गेले. पावसाळ्यात धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की वडील सर्व भावंडांना भिंतीखालच्या पुलापाशी नेत आणि पाण्याचे तुषार अंगावर घ्यायला लावीत. लग्न झाल्यावर त्या तेथे गेलेल्या नाहीत. पुण्याहून भोरला जायला एसटीने दोन-अडीच तास लागतात.