शेतातल्या भट्टीचा पाव

फ्रेंच माणूस म्हटला की काखेत लांबुळका बागेत पाव हवाच! 2022 साली तर युनेस्कोने या बागेतची कला सांस्कृतिक वारशाच्या यादीत नेऊन बसवली. पण खेड्यातल्या शेतावर भाजला जातो तो पाव वेगळाच. गोल, जाड सालीचा, किलो-दोन किलो वजनाचा. बागेत सकाळी आणली की संध्याकाळपर्यंत काठी होते. हा पाव आठवडाभर खावा.

गॅस्कनीसारख्या भागात एखाद्या शुक्रवारी दुपारी अशा शेतावर गेलं, तर दुकान म्हणावं असं काही दिसत नाही. जुना गोठा, दाराशी खडूने लिहिलेली पाटी, आत फळ्यांवर मांडलेले पाव आणि एक तराजू. पाव वजनावर विकायचा, अर्धा हवा तर कापून द्यायचा. विकणारी घरधनीण, भाजणारा तिचा नवरा. आणि गहूही त्यांचाच! पेरणं, दळणं, भाजणं, विकणं सगळं एकाच घरात. अशा शेतकऱ्याला तिकडे 'पेइझां-बुलांजे' म्हणतात. शेतकरी आणि पाववाला, दोन्ही.

भट्टी पेटते पहाटेच. लाकडं भट्टीच्या पोटातच जाळायची, विटा तापल्या की निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा. मग चिमूटभर पीठ आत टाकून बघायचं. झटकन काळं पडलं तर थांबायचं, सावकाश तांबूस झालं तर पाव आत सारायचे. यीस्ट वापरत नाहीत. दह्याला विरजण ठेवावं तसं आंबलेल्या पिठाचा एक गोळा दर खेपेला राखून ठेवायचा आणि त्याला पीठ-पाणी घालून जिवंत ठेवायचं. घरात एक तान्हं मूल वाढवण्यासारखंच ते!

जातं दगडी, पण विजेवर फिरणारं. 1970 च्या दशकात आस्त्रिए बंधूंनी लहान शेतकऱ्यासाठी घडवलेलं जातं अनेक ठिकाणी दिसतं. गहू 'रूज द बोर्दो'सारख्या जुन्या वाणाचा, छातीला लागेल इतका उंच. वादळात आडवा होतो आणि उताराही कमी. मग हा उपद्व्याप कशासाठी? चव हे एक कारण झालं. खरं कारण हिशेबात आहे.

किलोभर गहू बाजारात विकला तर शेतकऱ्याच्या हाती साधारण वीस-पंचवीस सेंट पडतात. त्याच गव्हाचा जवळपास किलोभर पाव होतो आणि तो पाच-सहा युरोला जातो. लाकूड, वीज, मेहनत वजा केली तरी दहा-बारा हेक्टरांवर एक कुटुंब तरतं. नुसता गहू विकून तेवढ्या जमिनीवर कोणी तगत नाही. 1970 साली फ्रान्समध्ये सुमारे 16 लाख शेतं होती, 2020 च्या गणनेत ती चार लाखांच्याही खाली आली. शेजारचा ट्रॅक्टरवाला मोठा होत गेला आणि लहान शेतं त्याच्या पोटात गेली. ही पाववाली शेतं त्यातून वाचलेली.

गिऱ्हाइकंही हुशार. 2001 पासून तिथे ग्राहकांचे गट आहेत, हंगामाचे पैसे आधी भरायचे आणि दर आठवड्याला आपला पाव किंवा भाजी न्यायची. या गटांच्या आद्याक्षरांचा उच्चार होतो 'आमाप'. मराठी कानाला गंमत वाटेल! तसा आपला पावही दूरचा नातेवाईकच; पोर्तुगीज 'पांव' आणि फ्रेंच 'पॅं' एकाच लॅटिन शब्दाची लेकरं.

सगळं गोडच आहे असं मात्र नाही. पेरणीच्या दिवसांतही भट्टी चुकत नाही, पोतं उचलून कंबर जाते आणि सुटीवर जायचं तर आंबवण कोणाकडे सोपवायचं हा प्रश्न. मुलं शहरात शिकायला गेलेली. गंमत म्हणजे हा धंदा नव्याने धरणाऱ्यांत शहरातल्या नोकऱ्या सोडून आलेलेच पुष्कळ. घरच्या पोराने पाठ फिरवलेल्या भट्टीपुढे परका पोरगा पीठ मळायला शिकतो.

संध्याकाळी सातला फळ्या रिकाम्या होतात. एखादा चपटा, फुटक्या सालीचा पाव उरतो. तो घरच्या सूपबरोबर जातो, आणि जेवण उरकून घरधनी पुढच्या खेपेच्या गोळ्याला पीठ-पाणी घालायला उठतो.