‘चालू होत नाही’ म्हणजे नेमके काय?

आमच्या महाविद्यालयाच्या निर्लेखन समितीपुढे २०२४ साली जी यादी गेली, तिच्यात मराठी विभागाच्या संगणकासमोर एवढाच शेरा होता : ‘चालू होत नाही. मदरबोर्ड निकामी.’ शेरा लिहिणाऱ्याने कॅबिनेटचे झाकण उघडलेले नव्हते. पहिले वाक्य अपुरे, दुसरे निराधार. आणि तरीही त्याखाली विभागातील सर्वांच्या, म्हणजे एकेका शब्दावर अख्खी तासिका घालवणाऱ्या माणसांच्या, सह्या होत्या. आमचे भांडण त्या सह्यांशी आहे. त्यांत आमच्याही आहेत.

‘संगणक हा आपला प्रांत नव्हे’ असे भाषेचे प्राध्यापक काहीशा अभिमानाने सांगतात. मान्य. पण ‘चालू होत नाही’ हे वाक्य मराठी आहे, आणि तो प्रांत तरी आपलाच आहे. या वाक्याच्या पोटात निदान चार वेगवेगळ्या अवस्था दडलेल्या असतात. (मराठीत ‘निदान’ म्हणजे रोगाचे कारण ठरवणे आणि ‘निदान’ म्हणजे कमीत कमी, आम्ही बहुधा दुसऱ्याच अर्थावर समाधान मानतो.) बटण दाबल्यावर ना दिवा लागतो ना पंखा फिरतो, ही एक. पंखा फिरत राहतो पण मॉनिटर काळाच, ही दुसरी. पंखा दोन सेकंद फिरून थांबतो, पुन्हा फिरतो, पुन्हा थांबतो, ही तिसरी. मॉनिटरवर कंपनीचे बोधचिन्ह उमटते आणि पुढे काहीच घडत नाही, ही चौथी.

पहिलीत संशय भिंतीतले सॉकेट, वायर, एसएमपीएस आणि खुद्द बटण यांच्यावर जातो. दुसरीत आधी रॅम आणि मॉनिटरची केबल पाहावी. चौथीत विजेचा प्रश्न बहुधा उरतच नाही, हार्ड डिस्कपासून शोध घ्यावा लागतो. फसवी आहे ती तिसरी. एसएमपीएस हा भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करतो, आणि हे दाब स्थिरावल्याची खूण मदरबोर्डला मिळाल्यावाचून प्रोसेसर कामाला लागत नाही. दाब टिकला नाही की पंखा फिरतो नि थांबतो. रॅम नीट बसलेली नसेल किंवा कुठे शॉर्ट असेल, तरीही असेच होऊ शकते. मदरबोर्डही दोषी असू शकतो, नाही असे नाही. पण बाकीचे एकेक निर्दोष ठरल्यानंतरच त्याच्यावर बोट ठेवता येते. आमच्या शेऱ्यात मात्र तो पहिल्या ओळीतच दोषी!

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांपुढे कवींची नावे न सांगता कविता ठेवल्या आणि त्यांवरचे अभिप्राय १९२९ सालच्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये तपासले. त्यांनी नोंदवलेल्या वाचनदोषांत एक आहे साचेबंद प्रतिसाद : समोरचे न वाचता मनात आधीच तयार असलेले उत्तर देणे. हे आपण एम. ए.च्या वर्गात शिकवतो, विद्यार्थ्यांकडून टीपाही लिहून घेतो. ‘मदरबोर्ड गेला’ हा त्याच जातीचा प्रतिसाद आहे. आणि ‘कादंबरी फसली’, ‘कविता उतरली नाही’ ही आपल्या परीक्षणांतली वाक्ये? कुठे फसली, निवेदकाच्या निवडीत, संवादांच्या बोलीत, की काळाच्या हाताळणीत? परीक्षण संपते, तरी याचा पत्ता लागत नाही.

यादी गेल्यानंतर आम्हांला आठवले की त्या हार्ड डिस्कवर विद्यार्थ्यांनी तीन वर्षे गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. दुसरी प्रत नाही. हा अपराध सर्वस्वी आमचा. गाणाऱ्यांपैकी दोघी आता हयात नाहीत. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली तरी ओव्या मिळतात, हे खरे. पण भंगारात गेलेल्या कॅबिनेटमधून ती काढायला कोण जाणार होते?

मग वायर भिंतीतून काढून आम्ही झाकण उघडले. सॉकेटवर टेबललॅम्प लावून पाहिला, लागला. रॅमच्या पट्ट्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने पुसून त्या एकेक करून बसवल्या, फरक नाही. मदरबोर्डवरचा एकही कपॅसिटर फुगलेला दिसला नाही. मग न्यायशास्त्रातला अन्वय-व्यतिरेक आठवला : कारण असेल तेथे कार्य, नसेल तेथे नाही. शेजारच्या विभागातून त्याच बनावटीचा चालू संगणक तासभर मागून आणला. त्याचा एसएमपीएस आमच्या यंत्राला जोडताच ते सुरू झाले आणि सुरू राहिले. आमचा परत जोडला, पुन्हा दोन सेकंदांचा पंखा. जोडणीच सैल असेल, असे कोणी म्हणू नये म्हणून आमचा एसएमपीएस त्यांच्या यंत्राला लावला, तर तेही तशाच उचक्या देऊ लागले. (शेजारच्या विभागप्रमुखांचा चेहरा त्या क्षणी पाहण्यासारखा होता.) हा शेवटचा प्रयोग जोखमीचा, कोणी करू नये, जाणकार मल्टिमीटर लावून १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळतात का, हे पाहतो. नवा एसएमपीएस हजार-बाराशे रुपयांत आला. ओव्यांच्या आता तीन प्रती आहेत.

हे तंत्रज्ञाचे काम, असे आमचे सहकारी म्हणाले. बरोबर आहे. एसएमपीएसची पेटी तर आपण उघडूच नये. वायर काढल्यावरही तिच्यात तीनशेहून अधिक व्होल्ट साठून राहू शकतात. पण तंत्रज्ञ येतो तो आपल्या तक्रारीतले वाक्य वाचून. ‘मदरबोर्ड निकामी’ वाचल्यावर तो त्या यंत्रापाशी थांबत नाही. ‘पंखा दोन सेकंद फिरून थांबतो’ असे वाचले असते, तर त्याने प्रथम एसएमपीएसच बदलून पाहिला असता. दुसरा आक्षेप असा की साहित्यकृती म्हणजे यंत्र नव्हे, तिचे सुटे भाग अदलाबदल करून पाहता येत नाहीत. नाहीतच येत. म्हणून तर तेथे निकालाआधीचे वर्णन अधिकच काटेकोर हवे, कारण चुकीचा निकाल उलटवण्याची अशी सोय तेथे नाही.

त्या यादीत इतर विभागांचे अकरा संगणक होते. नऊंपुढे तोच शेरा, त्याच हस्ताक्षरात. बटण दाबल्यावर काय दिसते व काय ऐकू येते, यासाठी यादीत एक रकाना वाढवावा, असे पत्र आम्ही समितीला दिले. समितीने विचारले आहे की तो रकाना कोणी भरायचा.