रबरबँड आणि वगळलेला धडा

एक रुंद रबरबँड घ्या. तो झटकन ताणून लगेच वरच्या ओठाला टेकवा. किंचित उबदार लागेल. तसाच ताणलेला धरून वीसेक सेकंद थांबा, मग सैल सोडून पुन्हा ओठाला लावा. आता तो थंड लागेल.

अलीकडे एका शाळेत आठवीच्या वर्गात हा प्रयोग केला. एका मुलीने विचारले, "ही थंडी येते कुठून?" पॉलिमरचे सारे विज्ञान या प्रश्नात सामावलेले आहे. रबर म्हणजे आयसोप्रीनच्या हजारो कड्या जोडून झालेल्या, एकमेकींत गुंतलेल्या साखळ्या. ताणल्यावर त्या सरळ होतात, त्यांची अव्यवस्था घटते आणि उष्णता बाहेर पडते. सोडल्यावर त्या पुन्हा विस्कटतात आणि त्यासाठी लागणारी उष्णता आपल्या ओठाकडून घेतात. म्हणूनच वजन टांगून ताणलेले रबर तापवले, तर ते लांबत नाही, आक्रसते.

ही गोष्ट 1805 मध्ये जॉन गफ या इंग्रज अभ्यासकाने नोंदवली, तीही ओठांच्याच स्पर्शाने. लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. पॉलिमर म्हणजे लांबच लांब रेणू, ही कल्पना हेरमान श्टाउडिंगर यांनी 1920 मध्ये मांडली, तेव्हा अनेक रसायनतज्ज्ञांनी ती धुडकावली. 1953 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

आपल्याकडे मात्र 2022 मध्ये एनसीईआरटीने आठवीतला कृत्रिम धागे व प्लास्टिकचा धडा आणि बारावीच्या रसायनशास्त्रातले पॉलिमरचे प्रकरण वगळले. त्याच वर्षी 1 जुलैपासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. कोरोनानंतर मुलांवरचा भार हलका करण्याचा हेतू समजू शकतो. निवड मात्र चुकली, असे माझे स्पष्ट मत आहे. पॉलिथिनमधली कार्बनची साखळी तोडणे सूक्ष्मजीवांना इतके जड का जाते, हे ज्याला कधी शिकवलेच नाही, त्याच्यासाठी प्लास्टिकबंदी हा केवळ दंडाचा नियम उरतो. नियमाला पळवाटा सापडतात. समजलेल्या कारणाला त्या सहसा सापडत नाहीत.

धडा परत येईल तेव्हा येवो. शिक्षकांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. या प्रयोगाला ना प्रयोगशाळा लागते, ना अनुदान. प्रत्येक मुलाला स्वतंत्र, स्वच्छ रबरबँड द्या, डोळ्यांना जपायला सांगा आणि व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी ती थंडी त्यांना स्वतः अनुभवू द्या. पुढचा प्रश्न मुले विचारतीलच.